भगवानदादा : नाचाआधीची मारामारी

वरातीत ज्याला नाचता येत नाही तो काय करतो, हे आष्टी-कड्याकडच्या कुठल्याही लग्नात पाहून घ्यावे. बँडवाल्याने चाल धरली की तो दोन्ही हात कोपरात मोडून छातीपाशी आणतो, गुडघे जरासे वाकवतो आणि जागच्या जागी डुलू लागतो. मनगटे सैल, तळवे जमिनीला जवळजवळ चिकटलेले आणि चेहऱ्यावर नवरदेवापेक्षा जास्त आनंद. हा नाच त्याला कुणी शिकवलेला नसतो. तो पडद्यावर ज्यांनी रुजवला त्यांचे नाव मात्र पक्के ठाऊक आहे : भगवान आबाजी पालव, म्हणजेच भगवानदादा. १९५१ च्या ‘अलबेला’त त्यांनी हा नाच केला आणि पुढे अमिताभ बच्चन यांच्यापासून गल्लीतल्या गणपतीपुढच्या पोरांपर्यंत सगळ्यांना तो पुरला.

मात्र ‘अलबेला’ आला तेव्हा भगवानदादा अडतीस वर्षांचे होते आणि त्यांचे नाव आधीच झालेले होते. ते नाचासाठी नव्हे, तर मारामारीसाठी. गिरणगावातल्या थिएटरांत आणि खेड्यापाड्यांतल्या तंबूंत ‘मास्टर भगवान’ हे नाव म्हणजे ठोसे, उड्या, पाठलाग आणि शेवटी खलनायक चितपट, असा हिशेब होता. आज ज्याला ‘अ‍ॅक्शन हीरो’ म्हणतात तो हा माणूस होता. चमत्कारिक गोष्ट अशी की त्यांच्या या पहिल्या कारकिर्दीतले जवळजवळ काहीच आज पाहायला शिल्लक नाही. ते का, हे पुढे येईलच.

जन्म १ ऑगस्ट १९१३, अमरावतीचा. वडील मुंबईत कापड गिरणीत कामाला. मुलगा चौथीपर्यंत शिकला आणि शाळा सुटली. त्यापुढे मजुरी, आणि मजुरीतून उरलेला वेळ तालमीत व सिनेमाच्या थिएटरात. त्या काळच्या गिरणगावात या दोन जागा एकमेकींना लागूनच होत्या म्हटले तरी चालेल. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या गिरणी कामगारांनी आपल्याबरोबर गावाकडचा आखाडा आणला होता. पाळी सुटली की लाल मातीत उतरायचे, जोर-बैठका मारायच्या, आणि चार पैसे गाठीला असले की पिटात जाऊन बसायचे. भगवान यांनी शरीर कमावले ते या मातीत. डोळ्यांपुढे होता अमेरिकेचा डग्लस फेअरबँक्स. ‘द मार्क ऑफ झोरो’ १९२० चा, ‘द थीफ ऑफ बगदाद’ १९२४ चा. छपरावरून उडी मारणारा, तलवार चालवता चालवता हसणारा हा नट मूकपटांच्या जमान्यात भाषेची अडचण नसल्याने थेट मुंबईच्या पिटात पोचला होता. भगवान त्याचे निस्सीम भक्त. पुढे राज कपूर त्यांना ‘इंडियन डग्लस’ म्हणत.

ही पदवी तशी नवी नव्हती. ती आधी दुसऱ्या एका मराठी नटाला मिळून चुकली होती, आणि त्याच्याविषयी चार शब्द सांगितल्याखेरीज भगवान यांची जातकुळी कळायची नाही. तो नट मास्टर विठ्ठल. लहानपणी नाटक कंपनीत, मग कोल्हापूरला बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत. तिथे ‘कल्याण खजिना’ (१९२४) मध्ये त्याला पडद्यावर काम मिळाले ते नर्तकीचे! पुढे मुंबईच्या शारदा फिल्म कंपनीने त्याच्या हाती तलवार दिली आणि ‘रतन मंजरी’पासून (१९२६) तो नायक झाला. अंगाने पिळदार, घोड्यावर बसण्यात आणि पट्टा फिरवण्यात तरबेज. मूकपटांच्या अखेरीस सर्वांत जास्त पगार घेणाऱ्या नटांत त्याची गणना होऊ लागली. इतकी की अर्देशीर इराणींनी पहिल्या बोलपटासाठी, ‘आलम आरा’साठी, त्यालाच नायक घेतले. शारदाशी केलेला करार मोडून तो गेला म्हणून कंपनी कोर्टात गेली. विठ्ठलच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले ते बॅरिस्टर महंमद अली जीना, आणि खटला जिंकला. एवढे रामायण होऊन तो बोलपटात उभा राहिला, पण त्याचे उर्दू उच्चार कच्चे होते. म्हणून त्याला पुष्कळसा वेळ गुंगीतच दाखवला गेला. १४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिक सिनेमात बोलू लागलेल्या हिंदी पडद्याचा पहिला नायक हा असा जवळजवळ मुकाच होता. नंतर तो मराठीकडे वळला, भालजी पेंढारकरांच्या ऐतिहासिक चित्रपटांत त्याच्या तलवारीला पुन्हा काम मिळाले, आणि उतारवयात लहानसहान भूमिका करीत १९६९ मध्ये तो गेला. मराठी मर्दानी खेळाचा पडद्यावरचा पहिला मोठा वारसदार म्हणून त्याचे नाव घ्यायला हवे. आपण ते घेत नाही.

भगवान त्याच वाटेने आले, पण एक फरक घेऊन. विठ्ठलची लढाई तलवारीची, राजपुत्राची. भगवान यांची हातापायांची, रस्त्यावरच्या माणसाची. मूकपटांच्या शेवटच्या दिवसांत त्यांनी तोंडाला रंग लावला आणि लवकरच जी. पी. पवार यांच्या कंपूत ते रुळले. पवारांनी १९३१ मध्ये काढलेला ‘दिलेर जिगर’ हा मूकपट सुदैवाने वाचला आहे, आणि त्या काळचा स्टंटपट कसा असे हे पाहायचे तर हाच दाखला. त्यात राज्य बळकावणारा काका आहे, डोंबाऱ्यांसारखे कसरतीचे खेळ करणारे नायक-नायिका आहेत, चेहऱ्यावर बुरखा आहे, दोर आहे, तलवार आहे. नायिका आहे ललिता पवार, आणि ती नुसती वाट बघत बसलेली नाही. आपल्याला ललिता पवार म्हटले की छळणारी सासू आठवते, हा आपल्या आठवणीचा दोष.

१९३८ मध्ये चंद्रराव कदम यांच्याबरोबर भगवान यांनी ‘बहादूर किसान’ दिग्दर्शित केला आणि तिथून अकरा-बारा वर्षे स्वस्तातल्या स्टंटपटांची माळ लागली. नावे बघितली तरी माल कळतो : ‘बदला’, ‘मतलबी’, ‘भेदी बंगला’. नायक तेच, दिग्दर्शक तेच, पुढे निर्मातेही तेच. एक चित्रपट पासष्ट हजारांत उरकायचा, कपडे आपणच बेतायचे, युनिटच्या जेवणाची व्यवस्थाही आपणच बघायची, असा त्यांचा खाक्या सांगितला जातो. मारामारीला बदली माणूस नाही. उडी मारायची ती आपण, पडायचे ते आपण. समोर बाबूराव पैलवानांसारखा खराखुरा पैलवान गडी. तेव्हा आजच्यासारख्या तारा, जाळ्या, फुगवलेल्या गाद्या काही नव्हत्या. होती ती एक जुनी युक्ती. कॅमेरा थोडा सावकाश चालवायचा, म्हणजे सेकंदाला चोवीसऐवजी वीस-बावीसच चित्रे घ्यायची. तीच पट्टी थिएटरात चोवीसच्या वेगाने धावली की ठोसा विजेसारखा बसतो. ही युक्ती जगभर चालत होती, हाँगकाँगवाल्यांनीही ती पुढे भरपूर वापरली. मात्र तिला मर्यादा आहे. ज्याचा तोल मुळातच कच्चा आहे त्याचे धडपडणे या युक्तीने आणखीच विनोदी दिसते. वेग कॅमेऱ्याने वाढवता येतो, तोल आपलाच लागतो.

या सिनेमांची बांधणी आमच्या भागातल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही, कारण ती हगाम्याची आहे. नगर-बीडच्या शिवेवरच्या गावांत जत्रेच्या दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा हगामा भरतो. आधी पोरासोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या. मग नारळाच्या, मग दहा-वीस रुपयांच्या, मग पंचांनी जोड लावून दिलेल्या मोठ्या. हलगी चढत जाते, कडे आवळत जाते, माणसे झाडांवर बसतात, आणि दिवस मावळता मावळता शेवटची मानाची कुस्ती सुटते. स्टंटपटही असाच चढायचा. पहिल्या रिळात दोन फुटकळ गुंड, मध्यंतराआधी चार-पाच जण, आणि शेवटी खासा खलनायक. मधली गोष्ट म्हणजे पुढची जोड लागेपर्यंतचा दम. समीक्षकांना हे हास्यास्पद वाटे. पिटातल्या माणसाला वाटत नसे, कारण कुस्ती कधी पकडीत आली, कुणी कुणाचा पट काढला आणि कोण नुसता रेटारेटी करतोय, हे त्याला वर्तमानपत्रात लिहिणाऱ्यांपेक्षा जास्त कळत होते. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे आज अडथळ्यांच्या तीन हजार मीटर शर्यतीत देशाचे नाव काढतो, तेव्हा त्याचे पाऊल अडथळ्यावर कसे पडते हे इथली म्हातारी माणसेही टीव्हीपुढे बोट दाखवून सांगतात. अंगाची भाषा वाचण्याची ही सवय जुनी आहे, आणि स्टंटपट त्या सवयीवरच जगले.

याच वर्षांत ‘प्रभात’चे ‘संत तुकाराम’ (१९३६) आणि ‘शेजारी’ (१९४१) येत होते. मराठी चित्रपटाच्या इतिहासाने त्यांना पाने दिली ती योग्यच दिली. पण त्याच इतिहासाने गिरणगाव रोज संध्याकाळी काय बघत होते याला तळटीपसुद्धा धड दिली नाही. वाडिया मूव्हीटोनची ‘हंटरवाली’ नादिया परदेशी अभ्यासकांनी डोक्यावर घेतली तेव्हा आपल्याला तिचे अप्रूप कळले. मास्टर भगवान यांच्या वाट्याला तेही आले नाही.

त्यांच्या कंपूतून बाहेर पडलेला सर्वांत मोठा माणूस हाणामारीचा नव्हता, पेटीवाला होता. रामचंद्र नरहर चितळकर, जन्म १२ जानेवारी १९१८, गाव पुणतांबे, जिल्हा नगर; म्हणजे आष्टीकरांच्या शेजारचाच. नायक व्हायला मुंबईत आलेला हा मुलगा मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये पेटी वाजवीत होता. भगवान यांनी त्याला संगीतकार केले. दोघे आधी मद्रासकडे गेले. १९४१ मध्ये भगवान यांनी तमिळमध्ये ‘वनमोहिनी’ नावाचा जंगलपट दिग्दर्शित केला आणि संगीत या मित्राकडे दिले. अमरावतीत जन्मलेला पैलवान आणि पुणतांब्याचा पेटीवाला मिळून तमिळ सिनेमा काढतात, हे आज कुणी कथेत लिहिले तर आपण विश्वास ठेवणार नाही. पाठोपाठ १९४२ च्या ‘सुखी जीवन’पासून हा पेटीवाला हिंदीत सी. रामचंद्र झाला. १९४२ मध्येच भगवान यांनी जागृती पिक्चर्स काढली आणि १९४७ मध्ये चेंबूरला जागृती स्टुडिओ उभा राहिला. चौथी पास मजुराच्या मालकीचा स्टुडिओ.

याच काळातला एक प्रसंग टाळता येत नाही, कारण बदली माणसाशिवाय खरेखुरे मारण्याच्या या धंद्याची किंमत त्यात दिसते. १९४२ मध्ये ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात भगवान यांनी ललिता पवारांना थप्पड मारायची होती. तालमीत कमावलेला हात अंदाजापेक्षा जोरात बसला. त्यांच्या चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, डावा डोळा कायमचा अधू झाला. सुमारे तीन वर्षे उपचार चालले. नायिकेचे दिवस संपले ते संपलेच. पुढे तो बारीक झालेला डोळा घेऊनच त्या चरित्र अभिनेत्री म्हणून उभ्या राहिल्या आणि मोठ्या झाल्या. हाताचा ठोसा नेमका कुठे थांबवायचा याचे आज स्वतंत्र प्रशिक्षण असते, फाइट मास्टर असतो, कॅमेऱ्याचा कोन असा लावतात की वीतभर अंतरावरून मारलेलीही बसल्यासारखी दिसते. त्या थपडेच्या वेळी यातले काहीच हाताशी नव्हते.

मग ‘अलबेला’. ‘मारामाऱ्या पुरे, आता एक सामाजिक चित्रपट कर,’ असा सल्ला राज कपूर यांनी दिला असे सांगतात. भगवान यांनी गीता बालीला नायिका घेतले, गाणी राजेंद्र कृष्ण यांची, संगीत अर्थात सी. रामचंद्र. नाटकात नाव काढायचे स्वप्न बघणारा गरीब घरातला मुलगा, अशी साधी गोष्ट. रामचंद्रांनी गोव्याच्या वादकांना मोकळे सोडले. ट्रम्पेट, क्लॅरिनेट, बोंगो यांचा पाऊस पडला. गोव्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट तर आपल्या वादकांसह पडद्यावरही दिसतो. राज कपूरचा ‘आवारा’ आला त्याच वर्षी ‘अलबेला’नेही तुफान धंदा केला.

आता ‘भोली सूरत’ या गाण्यातला नाच जरा जवळून पाहू. भगवान उंच नाहीत, अंगाने जाड आहेत, चेहरा नायकाचा नाही. ते वर उडत नाहीत. त्यांचे वजन कमरेच्या खाली आहे, गुडघ्यांत थोडासा बाक कायम आहे, आणि पाऊल उचलले तरी जमिनीपासून चार बोटेच उचलले जाते. आखाड्यात सलामी झाल्यावर दोन पैलवान एकमेकांभोवती खडाखडी करतात तेव्हा पाय नेमके असेच पडतात. ज्याने टाच उचलली त्याचा पट गेला, हे अंगात भिनलेले असते. हात बघा. कोपरे बरगड्यांना धरून, पंजे पुढे, मनगटे मोकळी. म्हणजे पकड घ्यायला तयार. खांदा आधी हलतो आणि हात मागून येतो, हा तर ठोशाचाच नियम. पंधरा-वीस वर्षे जे अंग भांडायला वापरले त्याच अंगातला राग काढून घेतला आणि ताल तेवढा ठेवला, की हा नाच उरतो. म्हणूनच तो कुणालाही जमतो असे वाटते, आणि म्हणूनच कुणाचाही तसा दिसत नाही. लोक म्हणतात, स्टंटपट सोडून भगवान नाचाकडे वळले. मला ते पटत नाही. त्यांनी तेच काम पुढे चालवले, फक्त समोर गुंडाऐवजी गीता बाली होती.

मारामारी आणि नाच यांचे हे सोयरेपण जगात अन्यत्रही दिसते. ज्याला जगभरचे चाहते आजही देवासारखे मानतात तो ब्रूस ली १९५८ मध्ये हाँगकाँगच्या चा-चा नृत्यस्पर्धेचा विजेता होता. ‘एंटर द ड्रॅगन’ १९७३ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर महिनाभरात झळकला. त्यात त्याचे ते जागच्या जागी उसळणारे पाय पाहिले की नाचाची तालीम लपत नाही. जॅकी चॅन लहानपणापासून चिनी ऑपेराच्या शाळेत वाढला. गाणे, कोलांट्या आणि लढाई तिथे एकाच छडीखाली शिकवीत. आपल्याकडे विठ्ठलने नर्तकीपासून सुरुवात करून तलवार धरली, भगवान यांनी ठोशांपासून सुरुवात करून नाच धरला.

पुढची कहाणी सगळ्यांना ठाऊक असलेली आणि म्हणून थोडक्यात सांगण्यासारखी. जुहूला समुद्रासमोर पंचवीस खोल्यांचा बंगला, आठवड्याच्या वारांना पुरतील अशा सात मोटारी. ‘झमेला’ (१९५३) बेताचा चालला, ‘हंसते रहना’ पुरा झालाच नाही, ‘लाबेला’ (१९६६) पडला. स्टुडिओ गेला, बंगला गेला, मोटारी गेल्या, आणि भगवानदादा दादरच्या चाळीत राहायला आले. ‘झनक झनक पायल बाजे’, ‘चोरी चोरी’ अशा चित्रपटांत त्यांना चांगल्या दुय्यम भूमिका मिळाल्या; नंतरच्या शेकडो चित्रपटांत मात्र घोळक्यातला एक माणूस म्हणून यायचे, दोन पावले नाचायचे आणि जायचे. वाईट दिवसांतही भेटायला येत राहिलेल्यांत सी. रामचंद्र, ओम प्रकाश आणि राजेंद्र कृष्ण यांची नावे घेतली जातात. गणपतीच्या मिरवणुका त्यांच्या चाळीपाशी थांबून ‘अलबेला’ची चाल वाजवीत आणि दादा खाली उतरून नाचत, असेही सांगतात. ४ फेब्रुवारी २००२ रोजी, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी ते गेले. २०१६ मध्ये मंगेश देसाई यांना भगवानदादा आणि विद्या बालन यांना गीता बाली करून ‘एक अलबेला’ हा मराठी चित्रपट आला. त्याच्या नावातच कळते की कोणती कारकीर्द लक्षात राहिली.

दुसरी जळाली. त्या काळच्या फिल्मचा पाया सेल्युलोज नायट्रेटचा असे. हा पदार्थ बंदुकीच्या दारूचा भाऊबंद. उष्णता साठली की आपोआप पेटतो, आणि जळताना लागणारा प्राणवायू स्वतःच देतो, त्यामुळे पाण्यात बुडवला तरी विझत नाही. पन्नाशीच्या सुरुवातीला कारखान्यांनी त्याचे उत्पादन थांबवले; तोवर जे निघाले ते गोदामांत पडून राहिले. सत्तरच्या दशकात गोरेगावच्या गोदामाला लागलेल्या आगीत भगवान यांचे बहुतेक स्टंटपट खाक झाले. जे आगीतून वाचत ते भंगारात जात, कारण फिल्मच्या लेपात चांदी असते आणि ती धुऊन काढता येते. ‘आलम आरा’चीही एकही प्रत आज नाही. भारतात सुमारे तेराशे मूकपट निघाले, त्यातले तीसच्या आसपास उरले, तेही कित्येक तुकड्यांत. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये सुरू झाले तेव्हा वाचवण्याजोगे पुष्कळ आधीच गेलेले होते, आणि जमवलेल्या नायट्रेट फिल्मपैकी बऱ्याचशा जानेवारी २००३ मधल्या आगीने गिळल्या. प्रतिष्ठित चित्रपटांच्या निदान जास्त प्रती निघत, कुणीतरी त्या जपून ठेवी. स्टंटपटांच्या मोजक्या प्रती एका तंबूतून दुसऱ्या तंबूत ओरखडे खात फिरायच्या आणि झिजूनच संपायच्या.

तरीही ज्याला मास्टर भगवान पाहायचे आहेत त्याच्यासाठी वाट आहे. ‘अलबेला’ उपलब्ध आहे, आणि किशोर कुमारला घेऊन भगवान यांनीच दिग्दर्शित केलेला ‘भागम भाग’ही (१९५६) आहे. गाणे लागले की आवाज बंद करावा आणि फक्त कमरेखाली बघावे. ट्रम्पेट ऐकू येत नसला की पाय नाचाचे राहत नाहीत. समोरचा गडी कोणत्या बाजूने येतोय याचा अंदाज घेणारे होतात.